फोकल एपिलेप्सी आहे, तरी फाइलवर ‘ॲब्सेन्स’ लिहिलंय. गोळी बदलावी का?

रानजाई

पुतणीच्या फाइलबद्दल विचारते आहे. वय १७, वजन ५२ किलो, दीड वर्षापूर्वी फोकल एपिलेप्सीचं (मेंदूच्या एका जागेतून झटके सुरू होणारा फिट्सचा आजार) निदान. ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) डाव्या टेम्पोरल भागात, म्हणजे कानशिलाकडच्या भागात, शार्प वेव्हज (टोकदार लहरी), एमआरआय नॉर्मल. झटक्यांवरचं ऑक्सकार्बाझेपीन, ३०० मिग्रॅ सकाळी आणि ३०० रात्री, चालू आहे. अंग आखडून पडण्याचा मोठा झटका एकदाच आला, तोही औषध सुरू होण्याआधी. आता महिन्यातून तीन-चार वेळा ती एकदम गप्प होते, टक लावून बघत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही. मिनिटभराने भानावर येते. शिवाय गेल्या दोन महिन्यांत दहा-पंधरा सेकंदांचं छोटं ‘हरवणं’ही दिसायला लागलंय.

गावी तापासाठी दाखवलं त्या डॉक्टरांनी फाइलवर ‘ॲब्सेन्स सीझर्स’ (काही सेकंद भान हरपण्याचे झटके) लिहिलं आणि व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध सुचवलं. न्यूरॉलॉजिस्टची तारीख तीन आठवड्यांनी आहे. फोकल असणाऱ्याला ॲब्सेन्सही येतात का? ऑक्सकार्बाझेपीनने ॲब्सेन्स वाढतात हे खरं का? आणि तोवर आम्ही नेमकं काय टिपून ठेवावं?

न्यूरोनोंदी

आधी एक गोष्ट: तारीख येईपर्यंत ऑक्सकार्बाझेपीन बंद करू नका आणि व्हॅल्प्रोएट परस्पर सुरू करू नका. चालू औषध एकाएकी तोडलं तर मोठा झटका येऊ शकतो, कधी एकामागून एक येतात.

आता मुद्द्याचं. शून्यात बघत राहण्याचा प्रत्येक झटका ॲब्सेन्स नसतो. ॲब्सेन्समध्ये मेंदूच्या आतला थॅलॅमस आणि बाहेरचा थर, कॉर्टेक्स, यांच्यातलं चक्र बिघडतं, मेंदूच्या दोन्ही बाजू एकदमच सामील होतात आणि ईईजीवर सेकंदाला साधारण तीन या गतीने स्पाइक-वेव्हची (टोकदार लहर आणि मागोमाग संथ लहर) रांग दिसते. फोकल झटका एका जागी सुरू होतो. तो टेम्पोरल भागातून पसरत गेला की माणूस जागा दिसतो, पण त्याला भान नसतं. बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून घाईच्या ओपीडीत दोघांनाही ‘ॲब्सेन्स’ म्हटलं जातं. या दुसऱ्या प्रकाराला जुन्या फाइलींत ‘कॉम्प्लेक्स पार्शल’ लिहायचे, २०१७च्या वर्गीकरणात ‘फोकल इम्पेअर्ड अवेअरनेस’ आलं, २०२५च्या सुधारणेत ‘अवेअरनेस’च्या जागी ‘कॉन्शसनेस’ आलं. जुन्या-नव्या फाइलींत यातलं कोणतंही नाव दिसलं तरी नवा आजार जडला असं समजू नका.

ओळखायचं कसं? घड्याळ पहिलं. ॲब्सेन्स बहुधा ५ ते १५ सेकंदांचा, अर्ध्या मिनिटापलीकडे क्वचितच जातो. फोकल झटका ३० सेकंद ते २ मिनिटं. दुसरं, शेवट. ॲब्सेन्स दिव्याचं बटण दाबल्यासारखा सुरू होतो आणि तसाच संपतो, मूल अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करतं. फोकलनंतर काही मिनिटं गोंधळ, थकवा, झोप. तिसरं, आगाऊ सूचना. पोटातून काहीतरी वर चढतंय, विचित्र वास येतोय, हे पूर्वी घडून गेलंय असं वाटणं, उगाच भीती दाटून येणं, यातलं काही आधी जाणवत असेल तर तो फोकल. ॲब्सेन्सला अशी चाहूल नसते. चौथं, संख्या. औषध न घेणाऱ्या मुलाला ॲब्सेन्स दिवसातून दहा-वीस, कधी त्याहून कितीतरी जास्त येतात. महिन्यातून तीन-चार हा हिशेब फोकलचा.

एका खुणेवर मात्र भिस्त ठेवू नका: तोंड मचमच करणं, कपड्याशी चाळा करणं. हे टेम्पोरल झटक्यात ठळक असतं, पण लांबलेल्या ॲब्सेन्समध्येही दिसतं. पापण्या भराभर मिचकणं ॲब्सेन्सकडे बोट दाखवतं, पण तेही एकटं पुरेसं नाही.

वयाचंही बघा. बालपणीचा ॲब्सेन्स बहुधा ४ ते १० वर्षांत सुरू होतो, किशोरवयातला ९ ते १३च्या आसपास. तुमच्या पुतणीचं साडेपंधराला सुरू झालं, तेही डाव्या टेम्पोरल शार्प वेव्हजसह. वर्णनावरून मिनिटभराचे झटके फोकलच वाटतात. छोट्यांबद्दल घाई करत नाही, त्यांची कारणं वेगळी असू शकतात.

दहा_वीस

मी ईईजीच्या बाजूने लिहितो. न्यूरोनोंदींशी सहमत, एक पुरवणी.

नेहमीचा ईईजी २०-३० मिनिटांचा असतो. एपिलेप्सी असलेल्या निम्म्याच्या आसपास लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल निघू शकतो, आणि झटक्यांच्या मधल्या काळातला ईईजी झटका कसा होता ते दाखवत नाही. त्यामुळे तिच्या रिपोर्टातल्या शार्प वेव्हज हा मजबूत पुरावा असला, तरी छोटे झटके तिथूनच येतात हे त्यातून सिद्ध होत नाही. पुढचा ईईजी झोपेसह मागा. टेम्पोरल भागातली गडबड डुलकी लागताना आणि हलक्या झोपेत जास्त उघडी पडते. केंद्रात कपाळ आणि कान यांच्या मधल्या भागात जादा इलेक्ट्रोड लावण्याची सोय आहे का तेही विचारा. नेहमीच्या मांडणीत टेम्पोरलची पुढची टोकं निसटतात.

खोल श्वासाची चाचणी (हायपरव्हेंटिलेशन, रिपोर्टात ‘एचव्ही’) हा ॲब्सेन्सचा सगळ्यात स्वस्त तपास. तीन मिनिटं जोरजोरात श्वास सोडायला सांगतात, संशय दाट असेल तर पाच. लहान मुलांच्या हातात भिरभिरं देतात. औषध न घेणाऱ्या ॲब्सेन्सच्या मुलांत १०पैकी ९पेक्षा जास्त जणांना खोलीतच झटका येतो आणि प्रश्न मिटतो. तिच्यावर तीन मिनिटं नीट होऊनही काही आलं नाही, तर ॲब्सेन्सची शक्यता बरीच मागे पडते. मात्र नीट म्हणजे नीट. तिसऱ्या फुंकरीला पेंगणाऱ्या मुलाची चाचणी झाली असं कुणी लिहू नये, पण लिहितात. रिपोर्टात ‘एचव्ही’समोर ‘गुड एफर्ट’ आहे का ते बघा.

ही चाचणी घरी करू नका. तिला दमा, हृदयविकार किंवा सिकल सेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर टेक्निशियनला आधी सांगा. सिकल सेलमध्ये जोरात श्वास घेतल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून धोका होऊ शकतो. हा आजार जिथे जास्त आढळतो त्या नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या कुटुंबांनी तर हे विसरूच नये.

आणि एक सापळा. फ्रंटल भागातला केंद्रबिंदू कधीकधी क्षणार्धात दुसऱ्या बाजूला उडी मारतो, तेव्हा ईईजीवर दोन्हीकडे एकदम स्पाइक-वेव्ह दिसतात. घाईने वाचणारा त्याला जनरलाइज्ड, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकदम सुरू झालेला, म्हणतो. नीट मोजलं तर एक बाजू काही मिलिसेकंद आधी सुरू झालेली सापडते. फ्रंटल झटका आखूड असतो, लगेच सुधारतो, दिवसाला अनेकदा येतो, त्यामुळे तो ॲब्सेन्ससारखाच भासतो. उलट ॲब्सेन्सच्या मुलांच्या ईईजीतही एखाद्या बाजूचे एकटे स्पाइक सापडतात, आणि मग त्यांच्या फाइलवर चुकून ‘फोकल’ चिकटतं.

खलबत्ता

औषधांच्या प्रश्नाकडे येतो. ऑक्सकार्बाझेपीनने ॲब्सेन्स वाढू शकतात हे खरं आहे. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, व्हिगाबॅट्रिन, टियागॅबीन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन यांचंही तेच. ऑक्सकार्बाझेपीनसारखी सोडियम चॅनल (चेतापेशीतली सोडियमची वाट) अडवणारी औषधं एका जागेहून पसरणारा झटका रोखतात, पण ॲब्सेन्सचं चक्र मुख्यतः थॅलॅमसमधल्या टी-टाइप कॅल्शियम चॅनलवर चालतं, तिथे त्यांचा हात पोचत नाही. व्हिगाबॅट्रिन आणि टियागॅबीन गाबा, म्हणजे चेतापेशींना शांत करणारं रसायन, वाढवतात. त्यामुळे थॅलॅमसच्या पेशी जास्त शांत होतात आणि हेच चॅनल पुन्हा उघडायला तयार होतात. उपाय असून उलटा परिणाम, तो असा.

म्हणूनच निदान आधी, गोळी नंतर. तिचे झटके फोकल असतील तर चालू औषध योग्य जातीचं आहे. दिवसाला ६०० मिग्रॅ हा बहुधा सुरुवातीचा डोस असतो. प्रौढांत १२०० पर्यंत जाणं नेहमीचं, वाढ आठवड्याला ६००पेक्षा जास्त नसते. त्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणण्याआधी डोस पुरेसा आहे का हे न्यूरॉलॉजिस्टला विचारा. डोस वाढवण्याचा निर्णय मात्र त्यांचाच. सोबत सीरम सोडियम तपासा, नॉर्मल १३५ ते १४५. हे औषध सोडियम खाली आणतं, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, पण डोस वाढवल्यावर किंवा ताप-उलट्यांच्या वेळीही. सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, मंद वाटतं, आणि फार उतरलं तर त्यानेच झटके येतात. मुलगी नुकतीच तापातून उठली आहे, म्हणून हे विशेष.

व्हॅल्प्रोएटबद्दल स्पष्ट लिहितो. १७ वर्षांच्या मुलीला, तेही फोकलसाठी, हे पहिल्या पसंतीचं औषध नाही. गरोदरपणात चालू राहिलं तर साधारण १०पैकी एका बाळात जन्मजात व्यंग आणि १०पैकी तीन-चार मुलांत बौद्धिक वाढीच्या अडचणी दिसतात. वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं वेगळंच. लग्नाचं पुढे बघू, हा हिशेब इथे चालत नाही, कारण आधी स्थिरावलेलं औषध नंतर बदलणं सोपं नसतं.

दोन्ही जातींत चालणारं औषध हवं असेल तर लॅमोट्रिजीनचा विचार होतो. त्याची अट एकच: सावकाश वाढवणं. १२ वर्षांवरील व्यक्तीत, सोबत व्हॅल्प्रोएट किंवा यकृताची एन्झाइम्स वाढवणारं औषध नसेल, तर पहिले दोन आठवडे दिवसाला २५ मिग्रॅ, पुढचे दोन ५०. व्हॅल्प्रोएटसोबत असेल तर २५ एक दिवसाआड, कारण व्हॅल्प्रोएट त्याची रक्तातली पातळी जवळपास दुप्पट करतं. घाई केली तर अंगावर पुरळ, क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया. पुरळ दिसल्याबरोबर डॉक्टरांना फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. लेव्हेटिरासिटाम ॲब्सेन्स सहसा वाढवत नाही आणि फोकलमध्ये चालतं, पण चिडचिड आणि रडू येणं याकडे लक्ष ठेवा, दहावी-बारावीच्या वयात ते ‘परीक्षेचा ताण’ म्हणून झाकलं जातं.

लहान मुलांचे पालक हा धागा वाचतील म्हणून: खऱ्या बालपणीच्या ॲब्सेन्समध्ये इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट सारखेच परिणामकारक, लॅमोट्रिजीन मागे. अमेरिकेतल्या ४५३ मुलांच्या २०१०च्या चाचणीत १६ आठवड्यांनी उपचार टिकून राहिलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५३, ५८ आणि २९ टक्के होतं, आणि लक्ष विचलित होण्याचा त्रास इथोसक्सिमाइडवर व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी होता. पण इथोसक्सिमाइड प्रत्येक दुकानात मिळत नाही. संपायच्या दोन आठवडे आधी मागवून ठेवा. ते मोठे झटके रोखत नाही, हेही ध्यानात असू द्या.

रानजाई

सगळ्यांचे आभार. दोन व्हिडिओ होते ते आज परत बघितले. एकात ५५ सेकंद, दुसऱ्यात ७०. दोन्हींत उजवा हात कोपरातून वाकून बोटं पिळवटल्यासारखी होतात, डावा हात ओढणीची कड चाचपत राहतो. संपल्यावर नाक पुसते, डाव्या हाताने. मग ‘पाणी’ हा शब्द तिला सापडत नव्हता, नुसती ‘ते… ते…’ म्हणत तीन मिनिटं गेली. तिला विचारलं तर आधी पोटात ‘झोका घेतल्यासारखं’ होतं म्हणाली, हे आम्हाला आज कळलं. छोट्या हरवण्याचा व्हिडिओ नाही.

न्यूरोनोंदी

या दोन व्हिडिओंत बरंच काही आहे. पिळवटलेला हात बहुतेक वेळा झटक्याच्या केंद्राच्या, म्हणजे तो मेंदूत जिथे सुरू होतो त्या जागेच्या, विरुद्ध बाजूचा असतो. उजवा, म्हणजे केंद्र डावीकडे. चाळा करणारा आणि नाक पुसणारा हात बहुधा केंद्राच्याच बाजूचा. आणि झटक्यानंतर शब्द न सापडणं हे भाषेच्या बाजूचं लक्षण, म्हणजे बहुतांश लोकांत डावी बाजू. ईईजीही डावा टेम्पोरल सांगतोय. दीर्घ झटक्यांचं निदान पक्कं करण्याइतका मेळ बसतोय. हे दोन्ही व्हिडिओ फोनमध्येच नका ठेवू, पेन ड्राइव्हवरही घ्या आणि ‘७० सेकंद, उजवा हात, नंतर तीन मिनिटं शब्द नाही’ एवढी एक ओळ फाइलला लावा. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात, त्यातली आठ कहाणीत जातात.

आता ते छोटे. एक शक्यता अशी की औषधाने अर्धवट आवरलेला तोच फोकल झटका आहे: सुरू होतो, पसरण्याआधी विरतो. दुसरी, औषधाची गुंगी किंवा सोडियम. तिसरी, नुसतं तंद्रीत जाणं. तंद्री हात लावला की तुटते, झटका तुटत नाही. चौथी, खरोखरच सोबत ॲब्सेन्स. फोकल आणि जनरलाइज्ड दोन्ही एकाच माणसात असणं शक्य आहे, २०१७च्या वर्गीकरणात त्यासाठी ‘कम्बाइन्ड’ असा गट आहे. पण ड्रावे किंवा लेनॉक्स-गॅस्टॉसारखे लहानपणीचे गंभीर आजार सोडले तर ते विरळाच. लेनॉक्स-गॅस्टॉतले ॲब्सेन्स तर वेगळ्याच ठेवणीचे, सावकाश सुरू होणारे आणि सेकंदाला अडीचपेक्षा मंद लहरींचे. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

छोटं हरवणं पुढच्या वेळी दिसलं तर असं करा: पूर्ण व्हिडिओ घ्या, चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत. मोठ्याने एकच शब्द सांगा, ‘आंबा’. मग ‘उजवा हात वर कर’ म्हणा. खांद्याला स्पर्श करा. संपल्यावर विचारा कोणता शब्द होता. कॅमेरा लगेच बंद करू नका, दोन मिनिटं पुढे चालू ठेवा, अर्धी माहिती तिथेच असते. वहीत तारीख, वेळ, झोप किती झाली, गोळी चुकली का, पाळीचा दिवस. पाळीच्या आसपास झटके वाढत असतील तर ते तीन महिन्यांच्या नोंदींतूनच दिसतं.

एमआरआय नॉर्मल म्हणून निश्चिंत राहू नका. तो ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ने झाला होता का विचारा: शक्यतो ३ टेस्लाचं मशीन, १ मिलिमीटरचे त्रिमितीय छेद, टेम्पोरल भागाच्या आतल्या हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे उभे) छेद. साध्या ५ मिलिमीटरच्या छेदांत हिप्पोकॅम्पसचं आकसणं किंवा कॉर्टेक्समधला बारीक जन्मजात दोष सहज सुटतो. आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिसची (पट्टकृमी या जंतामुळे मेंदूत होणारा आजार) जुनी कॅल्शियमची गाठही शोधावी लागते, ती सीटी किंवा एमआरआयच्या एसडब्ल्यूआय छेदात चांगली दिसते. शाकाहारी घरात हे होत नाही ही समजूत खोटी आहे. जंताची अंडी कच्च्या भाजीवरून आणि पाण्यातूनही पोटात जातात.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके थांबले नाहीत तर त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणतात. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षं न घालवता शस्त्रक्रियेची चाचपणी करायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५पासून हे काम चालतं, आता इतर मोठ्या शहरांतही होतं. तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत, पहिल्याच औषधाचा डोस अजून पुरेसा व्हायचाय.

सातपुडा

घरच्या बाजूने थोडं. झटका चालू असताना तिला धरून ठेवू नका, टेम्पोरल झटक्यात दाबून धरलं की माणूस झटापट करतो आणि लोक त्याला ‘अंगात आलं’ म्हणतात. गॅस, जिना, रस्ता यांपासून हळूच बाजूला वळवा. कांदा, चप्पल हुंगवणं, हातात किल्ली देणं, तोंडात चमचा घालणं, सगळं बंद. पूर्ण भान येईपर्यंत पाणीही नको, ठसका लागतो. पाच मिनिटांवर गेला, किंवा मधे भान न येता दुसरा सुरू झाला, तर १०८. लांबलेला झटका थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे घरी ठेवायचा का ते डॉक्टरांना विचारा. एका फवाऱ्यात ०.५ आणि १.२५ मिग्रॅ अशा दोन ताकदींचे स्प्रे मिळतात, त्यामुळे ‘किती फवारे’ हे त्याच बाटलीसाठी लिहून घ्या. बाटली बदलली की आकडा बदलतो.

न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, दारावर पाटी लावा. विहिरीत पोहणं सध्या नको. तिला १८ पूर्ण होताच गाडीच्या लायसन्सचा विषय निघेल: अर्जासोबतच्या फॉर्म १मध्ये (तब्येतीबद्दलचं स्वतःचं निवेदन) एपिलेप्सीबद्दल थेट प्रश्न असतो, तिथे खोटं लिहू नका.

रानजाई

सोडियम उद्या करून घेतो. शेवटचा प्रश्न: झोपेच्या ईईजीच्या आदल्या रात्री गोळी द्यायची का, आणि जागवायचं किती?

दहा_वीस

गोळी नेहमीच्या वेळी द्या, ‘थांबवा’ असं डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर. रात्री १२ला झोपू द्या, पहाटे ४ला उठवा, पण केंद्राने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. वाटेत गाडीत डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तिथे झोप येत नाही आणि सगळी रात्र फुकट. सकाळी चहा-कॉफी नको, नाश्ता नक्की, उपाशीपोटी ईईजीचं चित्र बिघडतं. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल आणि कंडिशनर अजिबात नाही, तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड धरत नाहीत. दुपारचा डोस असेल तर सोबत न्या. आणि जागरणाने झटका येऊ शकतो, म्हणून तिला एकटीला पाठवू नका.